पाण्याखालची चाल

गेमचं संगीत म्हणजे नुसतं टूं टूं, असं माझ्यासमोर कुणी म्हणू नये. म्हणालंच तर मी विचारते, बाबा, न खेळता, नुसतं बसून ऐकलंयस का कधी?

मी ऐकलंय. आमच्या गावी, वालूरला, नव्वदीच्या सुरुवातीला. काकांनी परभणीहून लेकरांसाठी टीव्ही गेम आणला आणि त्याला चिकटल्या काकू. भाकऱ्या थापून झाल्या की हात पुसायचे अन् बसायचं. एका कॅसेटीतला गडी उड्या मारत मारत पाण्यात शिरायचा, आणि तिथं चाल बदलायची. सरळसोट दादरा! हलका, डुलणारा. माझी बोटं आपोआप फरशीवर चालायची.

"काकू, फुडं नका जाऊ, पाण्यातच ऱ्हावा!"

"अगं बाई, मासा खायलाय मला, अन् तुला गाणं सुचायलंय?"

गडी मेला की चाल तुटायची आणि मला खरंच रडू यायचं. खेळातला वेळ संपत आला की तीच चाल दुप्पट लयीत धावायची, भजनाच्या शेवटी टाळ चढतात तशी. म्हणून सांगते, ज्याला गाण्याचा कान आहे त्यानं पाण्याखालचे टप्पे आधी ऐकावेत. लढाईचे मागून ऐका, तिथं गोंगाट फार.

आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे माझे वडील, दादा. कडबाकुट्टीच्या यंत्रात त्यांची बोटं गेली आणि पेटीवर मी बसले, कारण गावात दुसऱ्या कुणाला ती येत नव्हती. गड्यांच्या भजनात पोरगी बसलेली बुवांना, म्हणजे आमच्या मुख्य गायकाला, पहिल्यापासून खुपायची. "दुसरा मिळूस्तोवर बस," म्हणाले. मिळूस्तोवर! मी काय पेटीवरचं फडकं होते?

जुन्या गवळणीला नवी चाल लावायचा आमच्याकडं रिवाजच. सिनेमाची लावली तरी कुणी हूं की चूं करत नाही. एका शनिवारी, मारुतीच्या पारावर, मी गवळणीला पाण्याखालची चाल लावली. टाळकऱ्यांच्या माना डोलायला लागल्या. बुवांनी तर डोळेच मिटले. कुठली चाल, हे कुणी विचारलं नाही.

पुढच्या शनिवारी पाथरीचं मंडळ पाहुणं आलं. तीच गवळण रंगात आली असताना त्यांच्या म्होरक्यानं हात वर करून थांबवलं. "वा! चाल कुणाची म्हणायची ही?"

बुवांनी छाती काढली. "आमच्या आज्याची. लई जुनी हाय."

मी गप बसायला हवं होतं म्हणे. का बसू? "आज्याची न्हाई, बुवा. आमच्या काकूच्या टीव्ही गेमातली हाय."

पाथरीकर खो खो हसले. बुवा लालबुंद. "देवाफुडं पोरखेळ वाजवतीस? ऊठ! आजपासून पेटी बंद तुझी."

मी पेटीचा भाता मिटला. "उठते. पण मारुतीला सिनेमा चालतो, अन् हीच चाल बाटली व्हय? डोळे मिटून कोण गायलं हो गेल्या शनिवारी?"

मागून दादा शांतपणे म्हणाले, "बस खाली. गवळण अर्धी टाकून उठायचं नसतं."

हा नेम बुवांनाही मोडता येईना. "जुन्या चालीत घे," ते गुरकावले.

मी जुनी चाल धरली, अगदी शिस्तीत. बुवांनी कानाला हात लावला, तोंड उघडलं, आणि बाहेर आली पाण्याखालचीच चाल. थांबले. खाकरले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तीच! अहो, ती बनवलीच आहे फिरून फिरून यायला. एकदा डोक्यात शिरली की कुणाच्या आज्याला ऐकत नाही. तोवर टाळकऱ्यांनी ती उचलली होती, पाथरीकरांसकट.

मी पेटी त्याच चालीवर वळवली आणि लय चढवत नेली, काकूंचा वेळ संपत आल्यासारखी. बुवा घामाघूम झाले, पण सोडलं नाही त्यांनी.

गवळण संपल्यावर माझ्याकडं न बघता म्हणाले, "फुडच्या शनिवारी सूर जरा खाली धर. लई वर जायलाय."

"धरते की," मी म्हणाले, "दुसरा मिळूस्तोवर."