पिवळ्या ठिपक्यांचा मिस्त्री

क्रोधाला आपल्या परंपरेने षड्रिपूंत बसवले ते योग्यच झाले. कारण बहुतेकांचा क्रोध हा दुखावलेल्या अहंकाराचा धूर असतो. परंतु त्याच परंपरेने ‘मन्यु’ असा आणखी एक शब्द जपून ठेवला. हयगय पाहून, अन्याय पाहून जो संताप उठतो आणि ज्याला स्वतःचे घरही वर्ज्य नसते, तो मन्यु. संतापणे सोपे आहे; संतापाचे तोंड स्वतःकडे वळल्यावर जागचे न हलणे महाकठीण. घाटाच्या पायथ्याशी चाळीस वर्षे गॅरेज चालवणाऱ्या एका मिस्त्रींना ते साधले होते.

गल्ली त्यांना पाठीमागे ‘भट्टी’ म्हणे. समोर म्हणण्याची छाती कुणाची नव्हती. पाना निसटला तर पान्यावर, गिऱ्हाईक ‘जरा लवकर’ म्हणाले तर गिऱ्हाइकावर, आणि दोघेही निर्दोष असतील तर हवामानावर ते खेकसत. बायको गेल्यापासून हे सारे ऐकणे लेकीच्या वाट्याला आले होते. बारा वर्षे ती त्यांच्या शेजारी उभी राहून काम करत होती. बाबांचा आवाज चढला की त्यांचे हात अधिक हळुवार होतात, हे तिच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते. घट्ट केलेल्या प्रत्येक बोल्टच्या माथ्यावर ते काडीच्या टोकाने पिवळ्या रंगाचा एक ठिपका ठेवत. “हा माझा शब्द,” ते म्हणत. “ठिपका असेल तिथं पुन्हा बघायची गरज नाही.”

ऐन हिवाळ्यात एक हिरवी व्हॅन दारात आली. आत झोपायच्या फळ्या, छोटा ओटा आणि कपाटे बसवून तिचे फिरते घर केले होते. चालवत होत्या एक निवृत्त शिक्षिका. मागे, दोन स्वेटर आणि मफलर यांच्या आत कुठेतरी, त्यांचे यजमान होते.

“इंजिन तापतच नाही, मिस्त्री,” बाई म्हणाल्या. “तास तास चालवली तरी काटा खालीच. हीटर लावला की कोमट फुंकर येते. पहिल्याच प्रवासात यांना न्यूमोनिया झाला. नऊ दिवस दवाखान्यात काढले.”

“दहा,” मफलरमधून आवाज आला. “जेवण असं होतं, की एकेक दिवस मोजलाय.”

घाटापलीकडे यजमानांचे थोरले बंधू अंथरुणाला खिळले होते. अकरा वर्षांत भावांची भेट नव्हती. डॉक्टरांनी जायला परवानगी दिली होती. मात्र फुप्फुसांना पुन्हा थंडी बाधली तर आपला इलाज चालणार नाही, असेही बजावले होते. परवा निघायचे होते.

मिस्त्रींनी बॉनेट उघडले आणि भट्टी पेटली. रेडिएटरपुढे कुणीतरी पुठ्ठा बांधला होता.

“हे काय? रेडिएटरला गोधडी?”

“आधीच्या गॅरेजवाल्यानं लावला. त्याच्या आधीच्यानं हीटरचा पंखा बदलला. त्याच्या आधीच्यानं काट्याचा सेन्सर.”

“म्हणजे अंदाजपंचे! ताप आलेल्याचं थर्मामीटर बदलायचं! बाई, गाडी आज इथंच राहील. इंजिन पुरतं गार झाल्याशिवाय मी हात लावणार नाही. सकाळी सातला या. आणि तो पुठ्ठा जाताना घेऊन जा, मला बघवत नाही.”

दुसऱ्या दिवशी सातला बाई यजमानांना घेऊन हजर झाल्या. इंजिन सुरू करून मिस्त्रींनी रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या जाड नळीवर तळहात ठेवला. वैद्याने नाडी पाहावी तसे ते डोळे मिटून उभे राहिले. लेकीला पुढचे पाठ होते. इंजिन तापेपर्यंत पाणी आतल्या आतच फिरायला हवे; हीटरला ऊब मिळते तीही त्याच पाण्याची. थर्मोस्टॅट नावाचे छोटे दार तोवर बंद असते. म्हणून ही नळी बराच वेळ गार राहते आणि दार उघडले की एकदम चटका देते.

“हात लाव गं.”

“कोमट लागतेय, बाबा.”

“तिसऱ्या मिनिटाला! इंजिन अजून थंडगार, आणि पाणी निघालं हवा खायला!”

“मी निघण्याआधी अर्धा तास नुसती चालू ठेवायचे,” बाई म्हणाल्या.

“डिझेल इंजिन उभ्यानं तापत नाही, बाई. त्याला ओझं द्यावं लागतं, चढ द्यावा लागतो. पण तुमची काही चूक नाही.”

पाणी काढून त्यांनी थर्मोस्टॅटच्या झाकणाचे दोन बोल्ट सोडवले. तेल आणि धूळ बसून ते काळे ठिक्कर पडले होते. लेकीच्या हाती बोल्ट देऊन मिस्त्रींनी झाकण उचलले. आत काहीच नव्हते.

“दार उघडं राहिलेलं नाही,” ते सावकाश म्हणाले, “दारच नाही!” आणि मग गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा त्यांचा स्वर चढला. “कुठल्या नालायकाचं हे काम? उन्हाळ्यात गाडी गरम झाली की थर्मोस्टॅट उपटून टाकायचा! आमच्या धंद्यातला सगळ्यात आळशी इलाज! गिऱ्हाईक खूश, मिस्त्री मोकळा, मग हिवाळ्यात आतला माणूस मरेना का! त्याला आणा हो कुणीतरी, माझ्यासमोर उभा करा!”

लेक कोपऱ्यात बोल्ट रॉकेलमध्ये धूत होती. काळा थर सुटला, आणि एका माथ्यावर पिवळा ठिपका उमटला. दुसऱ्यावरही.

तिने व्हॅनच्या दाराआड जाऊन नखाने हिरवा रंग खरवडला. खाली पांढरा निघाला. मग तिला सारे आठवले. दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा, माल पोचवणारी पांढरी व्हॅन, सतत घड्याळ बघणारा ड्रायव्हर. थर्मोस्टॅट बंदच अडकून इंजिन उकळत होते आणि नवा मिळायला चार दिवस लागणार होते. ‘तात्पुरता काढून देतो, पार्ट आला की ये,’ बाबा म्हणाले होते. पार्ट आला. ड्रायव्हर आला नाही. पुढे तो पार्ट दुसऱ्याच गाडीला बसला.

थिनरचा बोळा हाताशीच होता. एकदा फिरवला असता तर काम भागले असते. बाबांची नजर अधू झाली होती आणि बाईंना ठिपक्याचा अर्थ ठाऊक नव्हता. जागेवर न ठेवलेल्या एकेका पान्यासाठी बारा वर्षे ऐकलेली बोलणी तिच्या डोक्यात उसळली. तिलाही संताप आला, आणि त्या संतापानेच तिचा हात बोळ्याकडे जाऊ दिला नाही.

“बाबा, हात पुढे करा.”

मिस्त्रींनी बोल्ट उजेडात धरले. दोन्ही ठिपक्यांवरून अंगठा फिरवला. मग चिंध्यांना हात पुसून ते बाईंकडे वळले.

“तो माणूस मीच, बाई.”

त्यांनी सगळे सांगितले. बाईंचा चेहरा लाल झाला.

“आत्ता म्हणालात ना, समोर उभा करा? उभा आहे. ओरडा की मग! दहा दिवस मी खुर्चीत बसून यांचा श्वास ऐकला. एक थांबला की दुसरा येईल का, म्हणून. आणि तुम्ही विसरलात?”

“विसरलो असतो तर बरं. तो आला नाही, आणि मी सोडून दिलं. त्याच्या मालकाचा नंबर माझ्याकडे होता.”

“अहो, पुरे आता,” यजमान म्हणाले.

“तुम्ही गप्प बसा. तुम्हाला बोलायला श्वास पुरत नाही, म्हणून तर मी बोलतेय!”

मिस्त्रींनी मान खाली घातली नाही, की एका शब्दाने आपली बाजूही मांडली नाही. बाई थकेपर्यंत त्यांनी ऐकले. मग पार्ट मागवत न बसता स्वतः शहरात जाऊन नवा थर्मोस्टॅट आणला. व्हॅनचे नाक उतारावर उंच चढवून मागच्या हीटरच्या नळ्यांत अडकलेली हवा घोटाघोटाने बाहेर काढली. दिवसभरात ते कुणावरही खेकसले नाहीत. लेकीला ती शांतता सोसवेना.

निघायच्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी दोघांना बसवून व्हॅन चाचणीसाठी घाटात चढवली. तिसऱ्या वळणावर काटा मध्यावर येऊन स्थिरावला. मागून आवाज आला, “कुणी खिडकी उघडता का? उकडतंय.”

कुणी हसले नाही. “मी तुम्हाला माफ केलेलं नाही,” बाई समोर पाहत म्हणाल्या.

“करू नका. परत येताना काटा कुठं होता, तेवढं सांगून जा.”

तीन आठवड्यांनी हिरवी व्हॅन दारात थांबली. बाईंनी काच खाली केली. “काटा मध्यावरच होता. भाऊ भाऊ भेटले,” एवढे बोलून त्यांनी गाडी पुढे काढली.

तोवर मिस्त्रींनी गॅरेजच्या भिंतीवर खिळ्यांची रांग ठोकली होती. तात्पुरता म्हणून काढलेला प्रत्येक भाग त्यावर टांगला जाई, शेजारी पिवळ्या रंगात गाडीचा आणि मालकाचा नंबर लिहिला जाई, आणि तो मालक परत येईपर्यंत मिस्त्री त्याला फोनवर झाडत राहत.

त्यांना जाऊन सहा वर्षे झाली. गॅरेज लेक चालवते. भिंतीवर बत्तीस खिळे आहेत. आज त्यांतल्या एकाच खिळ्यावर एक थर्मोस्टॅट लटकतो आहे, आणि त्या गाडीच्या मालकाला तिने सकाळपासून तीनदा फोन केला आहे.