स्मरणिकेतलं ‘आणि इतर’

गावच्या वाचनालयाने तुमच्या बाबांचा सत्कार केला, त्याची स्मरणिका मी तुम्हा दोघा नातवंडांना पोस्टाने पाठवली होती. तिच्यातला परिचय मीच लिहिलेला. त्याबद्दल हे लिहिते आहे, कारण फोनवर सांगायला गेले की मीच विषय बदलते.

बाबा घन पदार्थांचा अभ्यास करतात. एखादा स्फटिक अतिशय थंड केला की त्यातून वीज कशी वाहते, अशासारखं काही. मला त्यातलं फारसं कळत नाही. पण जगातल्या दुसऱ्या शास्त्रज्ञांनी बाबांच्या शोधनिबंधाचा दाखला दिला की तो मोजला जातो, हे समजल्यापासून मी दर सोमवारी पूजा आटोपली की मोबाइलवर तो आकडा पाहते. निबंध पुष्कळ आहेत, पण निम्म्याहून जास्त दाखले एकाच निबंधाचे. त्यावर बाबांचं नाव अगदी शेवटी होतं. पहिलं नाव त्यांच्या एका विद्यार्थिनीचं.

मला ते खटकलं. आपल्याकडे लग्नपत्रिकेत वडीलधारे आधी, लहान मंडळी खाली. गुरू शेवटी म्हणजे काय? बाबांना विचारता आलं असतं. पण विचारलं तर ते नको म्हणतील, हेही मला आतून माहीत होतं. परिचयात त्या निबंधापुढे मी त्यांचं नाव लिहिलं आणि त्यापुढे ‘आणि इतर’.

सत्काराच्या दिवशी बाबा मांडव्याला बोटीतून उतरून थेट सभागृहात आले. स्मरणिका त्यांच्या हाती पडली ती व्यासपीठावरच. प्रमुख पाहुणे जवळच्या एका कॉलेजचे प्राचार्य होते. त्यांनी भाषणात माझा परिचय जवळजवळ तसाच वाचला, त्या निबंधासकट. मी पहिल्या रांगेत बसले होते. बाबांनी पानावरून मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि आभार मानताना ‘माझे विद्यार्थी’ एवढंच म्हणाले.

चहाच्या वेळी ती विद्यार्थिनी मला शोधत आली. उरणकडची मुलगी. आजोबा मिठागरात राबले, वडील न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतात. ती माझ्या पाया पडली, सरांबद्दल चांगलं बोलली, निबंधाचं नावही काढलं नाही. तिची आई मात्र स्मरणिका उघडी धरून उभी होती.

“पत्रिका झ्याक छापलीय, आजी. नवरीचं नाव तेवढं ऱ्हायलं.”

“आये, गप ना.”

“गप कशाला? दिवालीला सगली घरी आली, तवा भट्टीजवल कोन बसलं व्हतं?”

मग तिनेच सांगितलं की पुढच्या आठवड्यात त्याच प्राचार्यांच्या कॉलेजात कायम जागेची मुलाखत आहे आणि पोरीने अर्ज केलाय. मी त्यांना चहा घ्या म्हटलं.

घरी जेवताना मी बाबांना विचारलं, तिथेच का नाही सांगितलंस?

“आई, तू समोर बसली होतीस. परिचय कोणी लिहिलाय ते सगळ्या गावाला ठाऊक होतं.”

मग त्यांनी समजावलं की त्यांच्या क्षेत्रात ज्याने काम केलं त्याचं नाव पहिलं आणि मार्गदर्शकाचं शेवटी. स्फटिक तिने भट्टीत वाढवले. त्यातली वेगळी गोष्ट आधी तिच्या ध्यानात आली. “मी तर तिला वायरीत दोष असेल म्हणून परत पाठवलं होतं,” ते म्हणाले आणि भात चिवडत राहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं प्राचार्यांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसून म्हणाले, “सर, चांगला गुरू आपल्या विद्यार्थ्यासाठी असंच बोलतो.” व्यासपीठावर जी साधी माहिती ठरली असती, तिची त्यांच्या केबिनमध्ये शिफारस झाली होती.

जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. कारणं वेगळी असू शकतात, असं बाबा म्हणतात. मी वाद घालत नाही.

नंतर मी पेन घेऊन घरोघर फिरले आणि प्रत्येक प्रतीत तिचं नाव आधी लिहिलं. एका घरी स्मरणिका लोणच्याच्या बरणीखाली होती, ती पुसून घेतली. त्या कॉलेजच्या ग्रंथालयातही गेले. तिथला ग्रंथपाल माझा शाळेतला जुना विद्यार्थी. मी तिथल्या प्रतीत लिहू लागले तेव्हा तो खिडकीबाहेर पाहत राहिला.

आकडा अजून वाढतो आहे. जिथे जिथे त्या निबंधाचा दाखला येतो तिथे तिचं नाव छापतात, आणि बाबा ‘आणि इतर’मध्ये असतात. फक्त आपल्या गावात मी ते उलटं केलं.

तुमच्याकडच्या दोन प्रती तेवढ्या राहिल्या आहेत. मी तिचं नाव इथे मुद्दाम लिहिलेलं नाही. बाबांना फोन करून विचारा, ते सांगतील तसं लिहा. मध्ये बोलू नका, त्यांना पूर्ण सांगू द्या.