सहावी नळी

“वेट, मनोंग. नाउ अंकल,” असं म्हणून तो हातातला पाईप जमिनीपासून वीतभर वर धरायचा आणि थांबायचा. ओमानमधल्या बरक्याच्या आमच्या एसी वर्कशॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत हे रोज चालायचं. मनोंग म्हणजे त्यांच्याकडचा थोरला भाऊ. मी स्टोअरकीपर, वयाने मोठा, म्हणून तो मान माझा.

फिलिपीन्सच्या डोंगरातला हा मेकॅनिक. त्याच्या गावात वेळूच्या सहा नळ्या असतात, लहानमोठ्या. सहाजण एकेक नळी जमिनीवर आपटतात. प्रत्येकाच्या वाट्याला एकच सूर, ठोक्याची जागाही ठरलेली. सहाही वाजल्या तरच चाल होते. घरात कुणी आजारी पडलं की त्याच्याजवळ बसून वाजवतात. हा पठ्ठ्या ओमानात एकटाच, ड्रेन पाईपचा तुकडा सुरात कापून आपला तेवढा ठोका वाजवायचा. बाकी सगळ्या रिकाम्या जागा, त्यातली लगेच पुढची त्याच्या काकांची.

मी दापोलीचा, आरतीला ढोलकी वाजवणारा. रिकामी जागा दिसली की माझी बोटं शिवशिवतात. एकदा जेवणाच्या डब्यावर भर घातली, तर हा कळवळला. “नो, नो! दॅट अंकल प्लेस!” तेव्हापासून मी हात मांडीखाली दाबून ऐकायचो.

भर उन्हाळ्यात त्याच्या वडिलांनी अंथरूण धरलं. उन्हाळा म्हणजे आमचा सीझन. रजा मागितली की अर्बाबचं, म्हणजे मालकाचं, एकच, “इन्शाल्ला, नंतर बघू.” मीही दोनदा शब्द टाकून पाहिला. दोन्ही वेळा चहा तेवढा मिळाला.

एका शुक्रवारी दुपारी त्याने मोबाईल खोक्याला टेकवून ठेवला. पडद्यावर अंथरुणातले वडील, भोवती पाचजण. वाजवायला लागले. पण फोनवरून याचा ठोका तिकडे उशिरा पोचायचा आणि नेमका काकांच्या ठोक्यावर पडायचा. थांबले, पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. म्हातारा डोळे मिटून वाट बघत होता.

शेवटी याने आपल्या बाजूचा आवाज बंद केला आणि वाजवत राहिला. आमच्या वर्कशॉपमध्ये सहाही नळ्या वाजल्या. अशी गोड चाल मी आयुष्यात ऐकली नव्हती. तिकडे वडिलांना मात्र पाचच ऐकू येत होत्या. मला काहीही करता येत नव्हतं. मी रडलो.

वडील त्याच आठवड्यात गेले. मग अर्बाब म्हणाला, “खलास, जा.” तो गेला तो परत आला नाही. पाईप माझ्या रॅकवर आहे.

सुट्टीत माझी बोटं अजून डब्यावर चालतात. परवा नवा मेकॅनिक म्हणाला, “भाई, बीच में एक ठेका छूट रहा है.”

“छूटा नहीं,” मी म्हटलं. “वो उसकी जगह है.”