दार लोटून दिलेलं उत्तर

“गावाच्या कारभाराबद्दल तुम्ही समाधानी आहात का?” मी प्रश्नावलीतला प्रश्न वाचला, तशी घरातल्या बाई उठल्या आणि रस्त्याकडचं दार लोटून आल्या. मे महिन्याची दुपार, घरात पंखाही नव्हता. खाली बसत त्या म्हणाल्या, “सगळं बरं चाललंय, ताई. तसंच लिहा.”

अशांत भागांतल्या कारभाराचा अभ्यास हीच माझी नोकरी. कित्येक वर्षं अशा उत्तरांपुढे मी ‘समाधानी’वर खूण केली आणि पुढचं घर गाठलं. त्या खुणांचे अहवाल झाले, अहवालांवर मला बढती मिळाली. लोटलेली दारं कुणी मोजली नाहीत. मीही नाही. भीती तोंडाने कोण सांगतं? ती उठते आणि दार लोटून येते.

या वेळी मी अहवालात लिहिलं, ‘उत्तर देण्याआधी बाईंनी दार लोटलं.’ साहेबांनी वाक्य खोडून मसुदा परत पाठवला. म्हणाले, “मॅडम, हे कुठल्याच रकान्यात बसत नाही.”

मग रकाना बदला. मी ते वाक्य पुन्हा लिहिलं, त्यांनी पुन्हा खोडलं. काल तिसऱ्यांदा मसुदा पाठवला. आधी ते वाक्य तळटीपेत होतं. आता अहवाल त्याच वाक्याने सुरू होतो.