सॅक्रामेंटोच्या विधानभवनात आमच्या गावची सरपंच

भावाकडे अमेरिकेत, फ्रीमॉन्टला जायचं ठरलं तेव्हा आईने एकच अट घातली, मला नुसते मॉल दाखवत फिरवू नका. आई पनवेलजवळच्या आमच्या गावची माजी सरपंच. मिठागर आणि भातशेतीवर वाढलेली, सहावी शिकलेली, नऊवारी नेसणारी. म्हणून २०१३च्या मे महिन्यात भावाने बेत केला, आईला कॅलिफोर्नियाचं विधानभवन दाखवायचं.

फ्रीमॉन्टहून सॅक्रामेंटो गाडीने दोन तास. शहर जवळ आलं की दोन्ही बाजूंना पाणी भरलेली भातशेतं लागतात. शेतात माणूस एकही नाही. लावणी कोण करतं, आईने विचारलं. इथे विमानातून बी टाकतात, असं भावाने सांगितल्यावर ती पुढची दहा मिनिटं हसत होती.

जाणाऱ्यांसाठी: शनिवारी जा, गर्दी नसते. प्रवेश फुकट, गाईडसुद्धा फुकट, पैसे काय ते पार्किंगला. आणि डबा गाडीतच ठेवा. आमच्या तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट पाहायला दारावरच्या तपासनिसाने झाकण उघडलं आणि त्याच वेगाने लावून टाकलं.

आमची गाईड सत्तरीतली, पांढऱ्या केसांची हसरी बाई होती. घुमटाखालून तिने आम्हाला वर, सभागृहाच्या गॅलरीत नेलं. खाली हिरवे गालिचे आणि ओळीने मांडलेली रिकामी बाकं. तिथे मी न राहवून सांगितलं की माझी आई पाच वर्षं सरपंच होती. पंधराएक माणसांनी टाळ्या वाजवल्या. आईने हात जोडले आणि सगळ्यांच्या आधी दाराकडे वळली.

बाहेर बागेत संत्र्याची झाडं आहेत. तिथल्या बाकावर जेवताना ती म्हणाली, "कशाला सांगितलास? कारभार तुज्या काकाचा होता. मी निस्त्या सह्या केल्या."

मला हे ठाऊक होतं, गावातही सगळ्यांना होतं. मग तिनेच पुढे सांगितलं, "एक सही मातर मी नाय केली."

गावचा तलाव बुजवून ती जागा एका बिल्डरला द्यायचा ठराव होता. काकाने कागद घरी आणला. आईने तो तांदळाच्या पिंपात घातला आणि हरवला म्हणून सांगितलं. दुसरा कागद आला तेव्हा सरळ नाही म्हणाली. काका दोन महिने आमच्या घरी जेवला नाही. तेव्हा मी कॉलेजात होते. शेताच्या बांधावरून भांडण झालंय, असंच मला वाटत होतं.

हे त्या गाईडबाईला सांगायला हवं, असं मी म्हटलं. आई आधी नको म्हणाली, मग स्वतःच उठली. आम्ही पुन्हा तपासणीतून आत गेलो. गाईडबाई दुसऱ्या गटाची वाट पाहत उभी होती. मी इंग्रजीत सांगत गेले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि तलाव केवढा आहे ते विचारलं.

आईने मान वर करून घुमट नीट पाहिला. "सांग तिला, ह्यो घुमट आत ठेवला तरी गनपती बुडवायला जागा उरंल."

गाईडबाई इतकी हसली की दारावरचा तपासनीस वळून बघू लागला. मग तिने आईचे दोन्ही हात हातात घेतले. त्या दोघी जे बोलल्या त्याचं मला भाषांतर करावं लागलं नाही.

गावी परतल्यावर काका भेटायला आला. त्याच्यापुढे अमेरिकेतली चॉकलेटं ठेवत आईने भातशेतं सांगितली, घुमट सांगितला आणि मग सहज सांगावं तसं, तलावाचंही तिथे सांगितलं म्हणाली.

काका जरा वेळ चॉकलेटाचा कागद उलगडत राहिला. "वयनी, माजा नाव घेतलास काय?"

"नाय. पाव्हन्यांम्होरं घरचा कशाला काढू?"

काकाने मान हलवली. जाताना म्हणाला, तलावाची पायरी खचली आहे, पावसाआधी बांधून घेतो. आई म्हणाली, मी पण येते बघायला, आणि चपला घालून त्याच्या आधी बाहेर पडली.