गोलंदाज समुद्र

यंदा आमच्या क्रिकेट मंडळानं वर्धापनदिनाला प्रश्नमंजुषा ठेवली. क्रिकेटच्या इतिहासातले लोकांना ठाऊक नसलेले किस्से विचारायचे, बरोबर सांगेल त्याला टोपी. मी पुढच्याच खुर्चीत होतो. पूर्वी बॅट हॉकीच्या काठीसारखी वाकडी असायची, हे मला माहीत होतं. एक कसोटी दिवसामागून दिवस चालली आणि शेवटी पाहुण्यांची बोट सुटायची म्हणून अर्धवटच सोडली, ते रेडिओवर ऐकलं होतं. मग माइकवाला म्हणाला, "आता आपल्या किनाऱ्याचा किस्सा. खाडीपलीकडच्या संघाचा शेवटचा गडी कुणी आउट केला?"

मी उठायच्या आत सगळा मांडव ओरडला, "समुद्रानं!"

तो गडी मी आउट केला होता.

मी चौथीपर्यंत शिकलो. श्रीवर्धनात लोकांच्या वाड्यांतून झाडावर चढून सुपाऱ्या उतरवण्यात आयुष्य गेलं. त्या चढण्यानं खांदे असे झाले होते, की माझा चेंडू यायचा तेव्हा यष्टिरक्षक दोन पावलं मागं सरकायचा. आमचं मैदान म्हणजे ओहोटीची पुळण. पाणी गेलं की ओली वाळू टणक होते, चेंडू छान उसळतो. पण सामना भरतीच्या आत संपवायचा, आणि भरतीची वेळ आमच्याकडे तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास येतो. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात.

त्या सामन्याची वेळ शाळेतल्या गुरुजींनी काढली. पंच तेच आणि वहीत धावा लिहिणारेही तेच. त्या पंधरवड्यात नवमी दोन दिवस आली होती. गुरुजींनी बोटांवर मोजून दशमी धरली.

"गुरुजी, आज पण नवमीच हाय. पाणी लवकर चढंल."

"तू पंचांग कधीपासून वाचायला लागलास रे?"

सगळे हसले. मी गप्प बसलो. तिथं गप्प बसलो, ती माझी चूक.

पाणी पाऊण तास आधी आलं. पाहुण्यांना जिंकायला चार धावा हव्या होत्या, आम्हाला एक गडी. फलंदाजाच्या घोट्याला फेस लागला तसे पाहुणे ओरडायला लागले, "मुद्दाम भरतीत बोलावलंय! फसवाफसवी हाय ही!" दोघातिघांनी बाह्या वर केल्या. गुरुजींचा चेहरा उतरला. म्हणाले, "हा शेवटचा चेंडू."

पाणी होतं म्हणून मी टप्पा पाडलाच नाही, थेट यष्टीच्या बुंध्यात टाकला. बॅटच्या खालून गेला. आवाज झाला, मी ऐकला. त्याच वेळी लाट आली, आणि यष्टीचा एक दांडा तरंगायला लागला.

गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं, मग पाहुण्यांकडं. आणि मोठ्यानं हसून म्हणाले, "याला समुद्रानं घेतला! सामना बरोबरीत!" पाहुणेही हसले. मारामारी टळली आणि तिथीची चूक लाटेखाली गेली. वहीत त्यांनी लिहिलं, त्रिफळाचित, गोलंदाज समुद्र. त्यांचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून ते खरं.

मांडवात मी उभा राहून हे सगळं सांगितलं. माइकवाला म्हणाला, "आजोबा, वहीत लिहिलंय ना. तुमच्याकडं काय पुरावा हाय?"

गुरुजी कधीच गेले. पण तो फलंदाज अजून होता, आणि पुढच्या रविवारी मंडळ त्याचाच सत्कार करणार होतं. तिथं तो एक वाक्य बोलला असता तरी माझा गडी मला परत मिळाला असता. दुसऱ्या दिवशी एसटीनं दिघीला गेलो, तिथून फेरीबोटीनं आगरदांड्याला, त्याच्या घरी.

तो पडवीत बसला होता. "काय रे, अजून हायेस?"

"तुझ्यासाठी थांबलोय," मी म्हणालो. "रविवारी सांगशील ना, मी तुला आउट केला म्हणून?"

तो गुडघा चोळत म्हणाला, "हे बघ, मी जन्मात कधी वीस धावा केल्या न्हाईत. तरी चार गावांत मला खुर्ची मिळते. का? समुद्रानं आउट केलेला माणूस! तू आउट केलास म्हटलं तर मी कोण? शेवटचा गडी. तसले गल्लोगल्ली पडलेत."

"आणि मी कोण रे?"

तेवढ्यात त्याची सून चहा घेऊन आली. "हे कोण, बाबा?"

"तेव्हा सामन्यात होते. पाण्यातनं चेंडू आणून द्यायचे."

मी उसळलो. "चेंडू आणून द्यायचो? अगं बाई, याचा मधला दांडा उडवलाय मी!"

"मधला न्हाय, लेगचा," तो फटकन म्हणाला.

म्हणाला आणि तोंड मिटून बसला. सुनेला वाटलं म्हातारे भांडतायत. ती हसत आत गेली.

"हेच रविवारी बोल," मी म्हणालो.

"न्हाय."

परतीच्या बोटीत मी कठड्याला धरून उभाच राहिलो. इतकी वर्षं गावभर मधला दांडा म्हणून भांडलो. खरं काय झालं ते नीट आठवणारा माणूस जगात एकच उरलाय, आणि तो बोलणार नाही.