शैलावहिनी आणि विमानाचे स्पेसर

दादाचा फोन आला तेव्हा मी गडमुडशिंगीत एका लग्नात पंगतीला बसलो होतो. "शैला गेली… ये," एवढंच तो बोलला. दुपारी आडवी झालेली वहिनी उठलीच नव्हती. आता महिना उलटून गेला, आणि खरं सांगतो, तिची आठवण आली की मला आधी हसूच येतं.

दादाचं लेथचं वर्कशॉप. पंपाचे सुटे भाग करायचो, पॅकिंग माझ्याकडं. वहिनी मेकॅनिकल डिप्लोमा झालेली. तिनं खटपट करून बेंगळुरूच्या एका कंपनीकडनं विमानाच्या भागांची ऑर्डर मिळवली. भाग म्हणजे स्पेसर… बोटाच्या पेराएवढ्या पोकळ नळ्या. "यात काय एवढं?" मी विचारलं. "भावजी, दोन पत्र्यांच्या मधे ही नळी आणि हिच्यातनं बोल्ट. आवळल्याचा दाब ही पेलती. आखूड झाली तर पत्रा वाकणार, टोकं तिरकी झाली तर बोल्ट वाकडा ताणला जाणार आणि उडता उडता कधीतरी तुटणार."

पहिला माल तयार झाला, टेम्पो दारात लागला. वहिनीनं शेवटचं म्हणून दोन-चार स्पेसर तपासले आणि तिचा चेहरा उतरला. लांबी बरोबर होती, पण टोकं समांतर नव्हती.

"केसाहून कमी फरक हाय," दादा ओरडला. "मुदत चुकली तर पुन्हा ऑर्डर न्हाय!"

"पंप बिघडला तर बंद करता येतोय," वहिनी त्याहून मोठ्यानं म्हणाली. "विमान आभाळात थांबवून उतरणार व्हय?"

टेम्पो रिकामा परत गेला. वहिनीचं माहेर कर्नाटकच्या सीमेजवळच्या नेसरीचं, त्यामुळं तिला कानडी येत होतं. तिनं कंपनीच्या बेंगळुरूच्या साहेबांना फोन करून सरळ सगळं सांगून टाकलं. साहेब आधी चिडले, मग आठवडा वाढवून दिला. दादानं तणतणत मशीन दुरुस्त केलं आणि सगळे स्पेसर नव्यानं केले. माल पास झाला. पुढची ऑर्डर घ्यायला दोघं पहिल्यांदाच विमानानं गेले. पंख थरथरायला लागला तसे दादानं डोळे गच्च मिटले. वहिनी खिडकीला नाक लावून केवढ्यांदा म्हणाली, "अहो, बघा की! असल्याच नळ्यांनी धरलंय का न्हाय?" अख्खी रांग वळून बघायला लागली म्हणे.

गेल्या रविवारी दादाला बळंच मिसळ खायला नेलं. टेबल डुगडुगत होतं. अशा वेळी वहिनी, हॉटेल असो की पाहुण्यांचं घर, आधी कागदाची घडी करून पायाखाली सरकवायची. मी घडी घालून खाली वाकलो… आणि टेबलाखाली दादाचं डोकं माझ्या डोक्यावर आपटलं. त्याच्याही हातात घडी होती.

"पातळ झालीया तुझी," माझी घडी बघून तो म्हणाला, आणि तिथंच खाली बसून खदखदून हसला.